डोळ्यांवाचून राहिलेले सात मावळे

आबा, "कुठं उभा करणार हाईस ह्याला?" हे विचारल्याशिवाय तुम्ही एकाही मावळ्याचे डोळे काढले नाहीत. दिवाळी जवळ आली की फौंड्रीतून आल्यावर हातपाय धुऊन मंगळवार पेठेतल्या आपल्या घराच्या पुढच्या सोप्यात बसायचात. कुंभाराकडून आणलेले बोटभर उंचीचे मातीचे मावळे आधीच रंगवून ठेवलेले असायचे, फक्त डोळे बाकी. गल्लीतली पोरं आपापल्या किल्ल्यासाठी ते न्यायला यायची आणि तुम्ही प्रत्येकाला जागा विचारायचात. दरवाज्यापाशी उभा राहणारा वाटेकडे बघणार, बुरुजावरचा खाली. एखादं पोर म्हणालं, "कुठंबी ठेवतो की," तर तुम्ही म्हणायचात, "मग ह्योबी कुठंबी बघंल. शत्रू आत शिरला तर माझ्याकडं रडत यायचं न्हाई."

त्या वर्षी तुमचा उजवा हात थरथरू लागला होता. चहाची बशी तुम्ही दोन्ही हातांनी धरायचात आणि आम्ही न बघितल्यासारखं करायचो. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. वसुबारसेच्या दुपारी तुम्हाला झोप लागली आणि मी ब्रश उचलला. पोरांनी तुमच्या वाकड्या रेघांना हसू नये, एवढंच मनात होतं. तासाभरात सगळ्यांचे डोळे काढून झाले. सुबक, एकसारखे, सगळे समोर बघणारे.

तुम्ही उठलात, एक मावळा हातात घेतलात.

"ह्यो कुणाकडं बघतोय?"

"समोर."

"समोर कोण हाय? पहाऱ्याला उभा हाय का फोटो काढून घ्यायला?"

ओलं फडकं घेऊन तुम्ही पुसायला लागलात. एक, मग दुसरा. मला रडू फुटत होतं, ते दाबायला मी मोठ्यानं बोलले, "तुमचा हात हलतोय, आबा! पोरं हसतील!" पोरं तेव्हा दारातच येऊन उभी होती. कुणी हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तुम्ही उरलेले सगळे डोळे पुसलेत, फडकं पिळून दोरीवर टाकलंत आणि पोरांना म्हणालात, "न्या रं. डोळं घरी काढा." सात मावळे उरले. पुढच्या श्रावणात तुम्ही गेलात.

गेल्या महिन्यात आई माझ्याकडे राहायला आली. तिच्या सामानात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात ते सातही जण, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले. रंगाचे पोपडे निघाले होते. त्या दुपारनंतर मी ब्रशला हात लावला नव्हता. रविवारी बाजारातून दोन बारीक ब्रश आणले, रंगात डिंक कालवला आणि एकाची पगडी तांबडी करायला घेतली. कमरेचा शेला, ढालीची कड, जोड्यांची टोकं. दीड तास गेला तरी बँकेतलं एकही काम आठवलं नाही. आपल्याला हे इतकं आवडतं, हेच मी विसरून गेले होते.

आई शेजारी मेथी निवडत होती. म्हणाली, "रंगव की. पर डोळं ऱ्हाऊ देत. ते त्यांचं काम."

मी मान वर न करता विचारलं, "आई, त्या दिवाळीनंतर आबांनी कधी ब्रश धरला होता का गं? मी घरात नसताना?"

"आता कशाला इचारतीस?"

"सांग की."

"न्हाई धरला. हात चालत नव्हता त्यांचा." तिनं दोन काड्या निवडल्या. मग म्हणाली, "दाढी मातूर शेवटपर्यंत सोताच करत होते. वस्तऱ्यानं."

ती हे सहज बोलली की मुद्दाम, मला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

आता सातही रंगवून झालेत. डोळे सोडलेत. तुमचा मान म्हणून सोडले, असं मी आईला सांगितलं. ते खरं नाही. माझा हात जराही हलत नाही, आबा, आणि मला त्याचीच लाज वाटते. हे पत्र मी आईलासुद्धा वाचून दाखवणार नाही. फक्त एकदा म्हणा, पोरी, तुझ्या बोलण्यानं न्हाई, हातामुळंच खाली ठेवला मी ब्रश. तुम्ही म्हणणार नाही. कुणाचं मन राखायला खोटं बोलणं तुम्हाला कधी जमलंच नाही.