आधी मोटिव्हेशन, मग संख्याशास्त्र

३ मार्च, सकाळ
संख्याशास्त्राचा पेपर तिसऱ्यांदा द्यायचाय. या वेळीही दांडी गुल झाली तर वर्ष गेलं आणि मी थेट धाकटीच्या वर्गात. जिला मी पाढे शिकवले (सातापर्यंत, पुढचे तिचे ती शिकली), तिच्या शेजारी मी? शक्य नाही. दोन्ही वेळा ज्ञान होतं, मोटिव्हेशन कमी पडलं. तेव्हा आधी मोटिव्हेशन. अभ्यास उद्यापासून.

४ मार्च
टेबल खिडकीपाशी हलवलं. खिडकीतून मैदान दिसतं. टेबल परत जागेवर. दमलो. विश्रांती हाही अभ्यासाचाच भाग.

९ मार्च
मोटिव्हेशन इतकं साठलंय की मला पुरून उरेल. होस्टेलमधल्या नापास मंडळींना रोज संध्याकाळी खोलीवर बोलावणार. कुणीतरी त्यांना हात द्यायलाच हवा.

१० मार्च
सहा जण आले. दीड तास बोललो. उदाहरणं सगळी माझीच. रूममेट (त्याला सगळे डुलक्या म्हणतात) म्हणाला, एवढं कशाला, पुस्तक उघडून बस की. बिचारा. आगच नाही त्याच्यात. रोज नुसताच अभ्यास करत बसतो.

१६ मार्च
श्रोते तीन. बाकीचे अभ्यासिकेत गेलेत म्हणे. याला म्हणतात परिणाम! माझं पुस्तक अजून प्लास्टिकच्या वेष्टनात आहे. ते फोडायला मूड लागतो.

२२ मार्च
श्रोता एकच, डुलक्या. तो इथेच राहतो. कानात कापूस घालतो. अभ्यासाच्या सुट्टीत घरी गेलेल्या धाकटीचा फोन. दादा, निदान स्टँडर्ड डेव्हिएशन तरी बघ, दर वर्षी येतं, म्हणाली. मी तिला आत्मविश्वासाबद्दल सांगायला लागलो. तिनं फोन आईकडे दिला, आईनं बाबांकडे. बाबांनी ठेवला.

२८ मार्च, पेपरनंतर
पेपर मस्त. म्हणजे मी मस्त होतो, प्रश्न जरा नकारात्मक होते. स्टँडर्ड डेव्हिएशन आलं होतं. त्यावर मी माझी भूमिका स्पष्टपणे मांडली.

१२ मे
निकाल. सहाच्या सहा पास. डुलक्या फर्स्ट क्लास. सगळे आभार मानायला आले. "तुझ्यामुळेच रे. तू बोलायला लागलास की कधी एकदा अभ्यासिकेत पळतोय असं व्हायचं." ऊर भरून आला.
मला अकरा मार्क. माझ्यापासून पळायची सोय एकट्या मलाच नव्हती. फार वाईट वाटलं. जेवलो नाही. मग जेवलो.

१ जुलै
नव्या वर्गात पहिला दिवस. ज्येष्ठ म्हणून सगळ्यांना मार्गदर्शन करायचं ठरवूनच गेलो होतो. पण बसायला जागा नव्हती. धाकटीनं बॅग उचलून शेजारी जागा केली. पेन दिलं, मोबाइल बंद करायला लावला, शर्टाची कॉलर नीट केली.
सर नवीन होते. हजेरी घेताना दोघांचं आडनाव एकच दिसलं म्हणून थांबले. "काय रे, ही तुझी मोठी बहीण का?"
मी हो म्हणालो.