चिंधी बांधलेलं ताट

श्रावण, सोमवार, १९६७

लेकाने मक्यातलं गवत मारायला औषध फवारलं. गवत मेलं, माझा पांढरा मकाही करपला. बाजूच्या ओळीतला लाल मका मात्र हिरवागार. तो सुनेच्या आईने उमरोळीहून दिलेला. औषध तेच, माती तीच. मग फरक बियातच हाय का?

सून म्हणाली, "आये, पुढल्या साली सगळा लालच पेरू." हसली मेली!

पण पांढऱ्यात एक ताट टवटवीत उभं हाय. त्याला माझ्या लुगड्याची चिंधी बांधली. लेक म्हणाला, "एका ताटाचं काय घेऊन बसलीस?"

"त्याचं कणीस भाजलंस तर बघ!"

विहीण आपला लाल मका मिरवायला येईल. येऊ दे, आधी चिंधीपाशीच नेते तिला. त्या ताटाचं बियाणं पुढल्या साली मी पेरणार. मग लेकाला म्हणावं, मार पुन्हा औषध.