शिडाला तुमचा खिसा

धाकटीच्या बाबांना तिच्या आईचा नमस्कार.

पार्सल मिळालं. दोऱ्याची रिळं, चष्मा, पोथी, सगळं सुखरूप आहे. टपालखर्चच सामानापेक्षा जास्त झाला, तेव्हा आता काही पाठवू नका. सामान तुमच्या जुन्या चौकडीच्या शर्टात गुंडाळलं होतंत. त्याची दोन बटणं तुटलेली. तसेच फिरत होतात ना?

बाळ-बाळंतीण खुशाल. नातीचं नाक थेट तुमचं. दुपारी दोघी निजल्या की मी तळ्यावर जाते. तिथे शिडाची होडी चालवायला शिकवतात. एका सुताराने आणि शाळेतल्या बाईंनी मोडकी होडी दुरुस्त करून हे सुरू केलं. शिडासाठी लोकांनी घरोघरच्या चादरी दिल्या. म्हणून अजून फी नाही, आणि फाटल्या शिडाला ठिगळ आपल्या घरच्याच कापडाचं लावायचं. मी तुमच्या शर्टाचा खिसा लावला. वाऱ्याने तो फुगला.

आता सुकाणू धरायची पाळी माझी. पहिल्या फेरीला पुढे घरचं माणूस बसवायची रीत आहे.

"जावईबापूंना बसवा की," बाई म्हणाल्या.

म्हातारा सुतार म्हणाला, "थांबू द्या हो त्यांना यजमानांसाठी. वारा कुठे पळून चाललाय?"

तुम्हाला पाण्याची भीती वाटते, ठाऊक आहे. पण इतकी वर्षं घर हाकलं, ते कुठे बुडवलं? सुट्टी नाही असं लिहू नका, निवृत्त झालात.

खोकला कसा आहे? खरं लिहा. देवापुढे दिवा लावता ना?

पुढची जागा धरून ठेवली आहे. येता की नाही, उलट टपाली कळवा.

तुमचीच,
धाकटीची आई