रुपया कोणाच्या पायाने पडला

मी, सुकदेव बळीराम बोरसे, वय अठ्ठावन्न, धंदा चहाची टपरी, राहणार कोसाड, सुरत, मूळचा अमळनेर तालुक्यातला, गुडघे वगळता सर्व बाजूंनी धडधाकट असून पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नी मालतीबाई शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचून घेत आहे, ते दडपणात धरू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मरायचा विचारही अलीकडचाच आहे.

कलम पहिले. कोसाडचे घर मुलगा गोपाल याच्या नावावर आधीच करून दिलेले आहे. मालतीबाईने त्यात हयातभर राहावे आणि सुनेच्या भाजीत मीठ कमी आहे हे दिवसातून एकदाच सांगावे.

कलम दुसरे. पोस्टातली बचत मालतीबाईची. तिने ती नातवंडांवर उधळू नये असे मी लिहिणार होतो, पण ती वाचते आहे.

कलम तिसरे. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात जिन्याखाली पागडीने घेतलेली माझी टपरी, स्टोव्ह, किटल्या आणि डॉलरचा भाव लिहायचा काळा फळा, हे सर्व मुलगी नूतन हिला एकटीला द्यावे. या कलमावरून घरात धुसफूस आहे, म्हणून कारण सविस्तर लिहितो.

माझे लग्न १९६६ च्या वैशाखात झाले. तेव्हा डॉलर पावणेपाच रुपयांना होता. मला त्याचा पत्ताही नव्हता. पुढच्याच महिन्यात, मालतीबाईची हळद अजून उतरायची होती, सरकारने रुपयाची किंमत उतरवली आणि डॉलर साडेसातला गेला. माझा मावसभाऊ श्रीरंग ओट्यावर पेपर वाचत होता. तो नव्या नवरीच्या तोंडावर म्हणाला, "नवरी घरमा उनी आनि रुपया पडना. दखा पायगुण!" सगळे हसले. मालतीबाई आत जाऊन रडली. रुपया अख्ख्या देशाचा. माझ्या बायकोने माप ओलांडले ते आमच्या दारात, दिल्लीच्या खजिन्याच्या दारात नव्हे. हे उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचले, तोवर श्रीरंग त्याच्या गावी गेला होता.

१९९१ च्या जुलैत मी नूतनला सासरहून परत आणली. जावई हात उगारत होता. ती आपणहून आली असे कोणी म्हणू नये, मी आणली. नेमका त्याच आठवड्यात सरकारने रुपया दोनदा खाली आणला. एकवीसचा डॉलर सव्वीसला टेकला. हिऱ्यांचे दलाल जयंतीभाई धावत टपरीवर आले, "सुकदेवभाई, रूपियो तूटी गयो!" मालतीबाई कपबशा विसळत होती. सुट्ट्या पैशांसाठी तिची रोजची मारामार. ती म्हणाली, "तुटना ते बरं व्हयनं. सुट्टा माले द्या." बाजारभर हसू पिकले.

पण श्रीरंग भेटायला आला आणि नूतनकडे पाहून म्हणाला, "मायना गुण पोरमा उतरना." त्या वेळी उत्तराची वाट न पाहता मी सरळ काळा फळा विकत आणला. रोज सकाळी पेपरात बघून डॉलरचा भाव त्यावर लिहू लागलो. माझ्या घरातल्या बायकांचे पाय आणि देशाचा रुपया यांचा काय संबंध आहे, ते एकदा जगाने बघावे म्हणून. जगाने बघितले ते असे, की दलाल भाव बघायला थांबू लागले आणि थांबले की चहा पिऊ लागले.

पुढे त्र्याण्णव सालापासून डॉलर एकतीसवर जो बसला तो दोन वर्षे हलायला तयार नाही. नूतन तेव्हा घरातच होती, रोज टपरीवर येत-जात होती. पोरीच्या पायगुणाने रुपया सावरला, असे म्हणायला श्रीरंग काही आला नाही. मी वाट पाहिली.

आता डॉलर बेचाळीसच्या वर आहे. माझे गुडघे गेल्यापासून टपरी नूतन चालवते, फळाही तीच लिहिते. गोपालला त्या जागी एस.टी.डी. बूथ टाकायचा आहे. यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, जेवणात श्रीरंग त्याला सगळ्यांदेखत म्हणाला, की बूथ जरूर टाक, पण बहिणीला त्यात बसवू नको, तिचा पाय बरा नाही. गोपाल एक अक्षर बोलला नाही. नूतनने ताटात हात धुतला. मला ते फार लागले. टपरी गेली तर ती पुन्हा साड्यांना टिकल्या चिकटवत डोळे घालवून बसेल. माझ्या जिवंतपणी किंवा मागे हे होता कामा नये.

कलम चौथे. श्रीरंगला माझ्या कोल्हापुरी चपला द्याव्यात. त्याने त्या घालून आपल्याच घराचा उंबरा ओलांडावा आणि दुसऱ्या दिवशी डॉलर काय होतो ते बघावे.

कलम पाचवे. वकील म्हणाले, मृत्युपत्रात ज्याला काही मिळत नाही असाच साक्षीदार बरा. म्हणून गोपालला यात काही ठेवलेले नाही आणि दुसऱ्या साक्षीदाराची जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवली आहे. त्याने वाचावे आणि मनाला पटले तरच सही करावी. नाही पटले तर शेजारचा किसन सही करील, मी गोपालशी बोलणे सोडणार नाही.

येथवर लिहिलेले मी वाचले, मालतीबाईने माझ्याआधी वाचले, दोघांना मान्य आहे.

सुरत, दिनांक २१ जून १९९८

सही: सुकदेव बळीराम बोरसे

साक्षीदार १: जयंतीभाई, हिरेदलाल, महिधरपुरा (सही गुजरातीत)

साक्षीदार २: गोपाल सुकदेव बोरसे. वाचले, पटले. बाबा, आखाजीला मी गप्प होतो कारण तोंडात पुरणाचा अख्खा मांडा होता, आणि तो गिळेपर्यंत धीर गेला. आता तोंड रिकामे आहे. ताईचा पायगुण चांगला आहे. उद्या श्रीरंगकाकांना बाजारातून फोन लावून हेच सांगतो.