फळीचं दुसरं टोक

किन्हीराजा,
१२ जानेवारी १९७५

देवमनदादा,
जय भीम.

माही गंगू सात वर्षांची झाली, पण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या तोंडाकडे पाह्यत नाही, हे तुले ठाऊकच आहे. लिंबाखाली दिवसभर एकटीच झोका खेळे. तो झोका तू सोडून काढला अन् जुन्या बैलबंडीची लांब फळी मधोमध खुंटावर आडवी बसवली. म्हणाला, "हे एकटीनं हालत नाही, बेबी. समोर कोणी लागतेच." गंगू दोन दिवस रडली. मी म्हटलं, माह्या दारात पाय ठेवू नको. तू हत्यारं उचलून अनसिंगले तुह्या घरी निघून गेला.

तिसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या शांतीले ओढत आणून समोर बसवलं. आता रोज कोणाले तरी आणते.

काल सारे पोरं शाळेत होते. तिनं माहा हात धरला. दादा, आईलेही अंगाले हात लावू देत नाही ते लेकरू! मी बसली, तर माह्या वजनानं ती वरच अडकली. मले वाटलं, आता रडन. तर वरून माह्या तोंडाकडे पाह्यत राह्यली, अन् हासली.

ही चिठ्ठी धाडत नाही. उद्या यष्टीनं आमी दोघीच येऊन राह्यलो. दारात पाय ठेवू नको म्हटलं, ते तुह्या दारात उभी राहूनच परत घेईन.

तुही भांडखोर बहीण,
बेबी