सरकी नाही, चुना

उस्ताद, उद्या माझा पोरगा बारुदाची बैलबंडी घेऊन अकोल्याहून निघणार आहे. तो आता पुलाच्या कामावर ओवरसियर झाला, माझ्याहून उंच, माझ्याहून शिकलेला. पण मला राहून राहून आपली दोघांची ती बंडी दिसते, तुम्ही सुरुंगाचे कारागीर आणि मी तुमच्या हाताखालचा पोऱ्या. कापसाला सोन्याचा भाव आला होता, ती सालं. अमरावतीच्या रस्त्यावर कापसाच्या बंड्यांमागे बंड्या, आणि त्यांच्यात आपली एक, आगगाडीच्या पुलासाठी दगड फोडायच्या बारुदाची, वरून तरटानं झाकलेली. आधीच्या खेपेची पिंपं वाटेतच चोरीला गेली होती. म्हणून तुम्ही मला बजावलं होतं, "आत काय हाय ते कोनाले सांगाचं नाई. कोनी पुसलं तं काईबी दुसरं सांग."

दुपारी बाभळीखाली मुक्काम पडला. आपली बंडी तुम्ही मुद्दाम सगळ्यांपासून दूर लावली आणि बैल पाजायला ओढ्यावर गेलात. तेवढ्यात एक कापसाचा बंडीवाला चिलीम ओढत माझ्याकडे आला. "काय भरलं बाप्पा?" मी म्हणालो, "सरकी." वाटलं, काय हुशारी केली! त्याचा चेहराच खुलला. "अरे वा! मंग माह्या बैलाईले दे ना दोन मुठी, सकाळपासून उपाशी हायेत." बैलांसाठी मागितलेली सरकी आपल्या वऱ्हाडात नाही कोण म्हणतो? तो स्वतःच तरटाची गाठ सोडू लागतो. चिलीम हातातच, वर निखारा लाल, वारा सुटलेला. बारूद म्हणावं तर सारा मुक्काम ऐकणार, आणि त्यात चोर कोण ते देव जाणे. न म्हणावं तर सगळेच उडणार.

तुम्ही बैल सोडून धावत आलात. त्याच्या चिलमीवर तळहात दाबलात, निखारा मुठीत घेतलात आणि तसेच बंडीपासून लांब चालत गेलात. तो भडकलाच. "माही चिलीम बाटवली यानं!" माणसं धावून आली, तुमचं पागोटं मातीत गेलं, पाठीत बुक्के बसले. मी हातापाया पडत होतो. तुमच्या तोंडून मात्र बारूद हा शब्द निघाला नाही. पुढच्या वाटेवर तुम्ही माझ्यावरच तापलात, "सरकी कावून म्हनला बे तू? बैलवाल्याईच्या गर्दीत सरकी! चुना म्हनाचं. चुन्याले कोनी हात लावत नाई." तळहातावर फोड टरारले होते आणि तुम्हाला हसू येत होतं. मी रडलो.

हा कागद कुठं धाडणार? कबरीवर टपाल जात नाही. पोराला मी सारं पढवलं आहे: चुना म्हण, आगटीपासून लांब थांब, निघायचा दिवस कोणाला सांगू नको, बंडी सोडून हलू नको. तो हसला, "बाबा, किती भेता तुमी! आन् कोनी चिलीम घेऊन आलाच तं?" मी म्हणालो, "बोंबलून सांग बारूद हाय म्हनून, आन् पळून जाय. चोरानं नेली तं नेली." उस्ताद, तुमच्या तळहाताची गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही. ऐकली तर तोही हात पुढं करील, याचंच मला भेव वाटतं.