फाळक्यावरचं नाव

३ फेब्रुवारी, सोमवार
पोथी वाचून उठलो तोच फोन. लक्ष्मीबाई नगरच्या देशमुख वहिनी. मी घडवलेला, काल भाड्याच्या टेम्पोतून पाठवलेला त्यांचा देव्हारा कळस मोडून पोचला. टेम्पोवाल्याने त्यावर स्टेपनी ठेवली होती. वहिनी रागावल्या नाहीत. "सावकाश करा, देव तोवर डब्यात राहतील," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
दिवाळीपासून हा तिसरा. आता स्वतःची गाडी हवी. छोटी पिकअप, जुनी का होईना. पण सोसायटीत पार्किंगची जागा एकच. म्हणजे कार जाणार आणि पिकअप हीच घरची रोजची गाडी होणार. सुलभाला सांगायचं आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार
सांगितलं, जेवताना. सु.ने आधी ताक ओतून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे भाजीला, दवाखान्यात, संकष्टीला देवळात, सगळीकडे मी मालाच्या गाडीतून?"
हो म्हटलं.
"पुढे सीट दोनच. मुक्ता कुठे, हौद्यात?"
मुक्ता मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, मी मेट्रोने जाते, मला यात घेऊ नका.
सु. मनापासून हो म्हणाली तरच गाडी घ्यायची, असं मी ठरवलं आहे. ओढून घेतलेला होकार नको. तसा एकदा घेतला आहे, गाव सोडून दिल्लीला येताना.

८ फेब्रुवारी, शनिवार
बल्लभगडच्या पुढे एका गावात गाडी पाहिली. मालक हुकमसिंग, सत्तरीचे, दुधाचा धंदा होता. डोळ्यांमुळे डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलंय. गाडी नऊ वर्षांची, सीएनजी. डिझेलची घेऊन उपयोग नाही, दिल्लीत ती दहा वर्षांनी बाद होते.
इंजिन पहिल्या चावीला सुरू. हौद्याचा पत्रा बोटाच्या पेराने ठोकून पाहिला, लाकूड पाहतो तसा. डावीकडे आवाज बसका. कॅनमधलं पाणी सांडून गंजलंय. बाकी ठणठणीत. मग पिशवीतून गुण्या काढून मागच्या फाळक्याच्या कोपऱ्याला लावला. हुकमसिंग हसले. "मिस्त्रीजी, गाड़ी है, खिड़की ना है."
उजवा कोपरा काटकोनात नाही, चांगला बोटभर फरक. कुठे ठोकली होती का, विचारलं. "ना जी, कभी ना लगी." हे बोलताना ते म्हशीकडे बघत होते.
फाळक्यावर पिवळ्या रंगात मोठं नाव, दोन्ही बाजूंना फुलं: शिक्षा. त्यांच्या मुलीचं. इतकी वर्षं इकडे राहून हिंदी अर्थ माहीत आहे. तरी डोळा आधी मराठी वाचतो. एकदम आमची शाळा, शेणाने सारवलेली जमीन, पुढे केलेला हात.

९ फेब्रुवारी, रविवार
फोटो दाखवला. सु. पोटभर हसली. "घ्या. गाडीनेच सांगितलं, मला कशात बसवताय ते."
मुक्ताला विनोद कळला नाही. "शिक्षा म्हणजे एज्युकेशन ना? मराठीत पण तेच ना?"
नाही, म्हटलं. मराठीत सजा. वीस वर्षांची मुलगी, घरात मराठी बोलते, आणि हा शब्द तिच्यापर्यंत पोचलेलाच नाही. सु. म्हणाली, नवीन आलो तेव्हा शाळेच्या भिंतीवर 'शिक्षा का मंदिर' वाचून मी रिक्षा थांबवली होती, या शाळेत पोरं घालायची नाहीत म्हणून. मुक्ता म्हणाली, "यार आई, बिल्कुल बरोबर लिहिलं होतं."
खूप दिवसांनी तिघं एकत्र हसलो. गाडीचा विषय त्यात राहून गेला.

११ फेब्रुवारी, मंगळवार
ओळखीचा मेकॅनिक घेऊन गेलो. क्लच अजून वर्षभर जाईल. मागच्या स्प्रिंगच्या कमानीत एक पाटा जादा घातलाय, म्हणजे वजन भरपूर वाहिलंय. रिकामी असताना आपटते. सिलिंडरच्या चाचणीची मुदत संपलेली, ती करून घ्यावी लागेल. पुढचे टायर नवे. ब्रेक चांगले. बसायची जागा उंच, सु.च्या गुडघ्याला जड जाईल. दिल्लीत मालाच्या गाड्यांना ठरावीक तास बंदी असते, ती वेळ सांभाळून निघावं लागेल.
शेवटी तो फाळक्याखाली वाकला. "ठुकी हुई है, सीधी की है."
म्हणजे हुकमसिंग खोटं बोलले. देव ठेवायची वस्तू ज्या गाडीतून न्यायची, तिची सुरुवात अशी नको. नाही म्हणून टाकू.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
नाही सांगायला मुद्दाम समोर गेलो. फोनवर नकार देणं जमत नाही. फाळक्याचं बोललो. हुकमसिंग खाटेचा सुंभ चाचपू लागले.
मग सांगितलं. मुलीला हीच गाडी शिकवत होते. तिसऱ्या दिवशी तिने मागे घेताना फाटकाच्या खांबावर घातली. उतरून रडत उभी. म्हणाली, बापू, कुणाला सांगू नका. यांनी शब्द दिला. "मैंने कहा, रोवै क्यूँ है, इब तो या गाड़ी तेरी हो गी." त्याच दुपारी पेंटरकडे नेऊन वाकड्या फाळक्यावर तिचं नाव घालून आणलं.
ती आता सासरी, गुडगावात स्वतःची गाडी चालवते. शब्द मात्र यांनी आजपर्यंत पाळला. मी त्यांना तो मोडायला लावला.
नकार तोंडातच राहिला. ते म्हणाले, सोमवारपर्यंत सांगा, दुसरा एक माणूस येऊन गेलाय. आणि जमलं तर नाव राहू द्या. अट नाही.
परत येताना बदरपूरला जॅम. दोन वर्षांपूर्वी मुक्ताने पार्किंगमध्ये कारचं दार भिंतीला घासलं होतं, ते आठवलं. तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. तिला पाठ असेल. लायसन्स तेव्हापासून तिच्या पाकिटात तसंच पडून आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार
शिसवीचा तुकडा उरला होता. पिकअपच्या दारात पाय ठेवायच्या जागेची उंची लिहून आणली होतीच, तिच्या निम्म्या उंचीची एक पायरी केली. रुंद, खाली रबर. सु.ने पाहिली. "छान झालाय पाट," म्हणाली आणि त्यावर बसून मेथी निवडू लागली. कशासाठी केली ते मी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. संकष्टी
तिघं बल्लभगडला गेलो. सु. म्हणाली, मी फक्त बघायला येते. पायरी घरीच राहिली.
गावाबाहेरच्या मैदानात मी फेरी मारली. उतरलो तर हुकमसिंग मुक्ताकडे बघून म्हणाले, "इब बेटी चलावैगी." मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली तिच्या हातात दिली आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो.
दोनदा बंद पडली. माझा हात हँडब्रेककडे जायचा. तो मी मांडीखाली घेतला आणि मनात नाम घेत राहिलो. तिसऱ्यांदा निघाली. मोठा फेरा झाला. मग न सांगता तिने गाडी मागे घेतली, कडुलिंबापासून हातभर अंतरावर थांबवली. "बाबा, तुम्ही काही बोलला नाहीत."
नाही बोललो, म्हटलं. आणखीही एक वाक्य होतं. दोन वर्षं उशिरा का होईना, तेही बोललो. तिने मान हलवली आणि गिअर न्यूट्रलला टाकला.
हुकमसिंग सु.ला म्हणाले, "भाभीजी, आप भी बैठो." तिने उपास आहे म्हणून हात जोडले. उपासाचा आणि गाडीत बसण्याचा काय संबंध ते त्यांनी विचारलं नाही. भला माणूस.
कारने देवळात गेलो. परतताना सु. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मुक्ता चालवणार असेल तर..."
थोड्या वेळाने: "आणि ते नाव? देशमुख वहिनी म्हणतील, देव्हारा शिक्षेच्या गाडीतून आला."
पुसू का, विचारलं.
"मी कुठे तसं म्हटलं?"

१७ फेब्रुवारी, सोमवार
पोथी वाचली. लक्ष लागलं नाही, एक पान दोनदा वाचलं. देशमुख वहिनींचा कळस तयार आहे, पॉलिश वाळतंय.
चहा घ्यायला आत गेलो तर पायरी स्वयंपाकघरात नव्हती. सु. ओट्याशी, पाठमोरी, पोळ्या लाटत. मुक्ता झोपलेली.
दूध घ्यायला दार उघडलं. पायरी बाहेर होती, सु.च्या चपलांशेजारी, भिंतीला नीट लावून. मेथीची माती पुसलेली. धुऊन वाळायला ठेवली असेल. किंवा गाडीत न्यायला.
हुकमसिंगांना दहापर्यंत फोन करायचा आहे. आत्ता पावणेनऊ.